मेजर मानसशास्त्र

मुलगी ‘इंजिनिअरिंग करणार’ म्हणाली की लोक विचारतात, ‘कुठली ब्रांच?’ ‘सीए करणार’ म्हणाली की विचारतात, ‘क्लास कुठला लावलाय?’ ‘मानसशास्त्र घेणार’ म्हणाली की आवाज खाली आणून विचारतात, ‘का गं? काही झालंय का?’ आणि हे विचारताना तिच्याकडे नाही, तिच्या आईकडे बघतात.

माझी पुतणी चिऊ बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली आणि चप्पल काढता काढताच तिनं ही घोषणा करून टाकली. त्यात आम्ही ठाणेकर. ‘ठाणे’ आणि ‘मन’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की मुंबईचा माणूस जो विनोद करतो, तो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. वास्तविक राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. पण नागपूरला संत्री आहेत, रत्नागिरीला हापूस आहे आणि पुण्याला पुणेकर आहेत, त्यामुळे त्यांची दुसरी ओळख झाकली जाते. आमची तलावांची ओळख काही इतकी जाड नाही. चिऊच्या दादरच्या मामानं फोनवर बातमी ऐकली आणि ‘वा, म्हणजे घरापासून जवळच!’ असं म्हणून आमची अपेक्षा तात्काळ पूर्ण केली. याच ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काम करतेय, तिच्या ‘वेध’ परिषदांना सभागृहं भरतात, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. ज्याचा विनोद तयार आहे त्याच्या दारात माहिती नेऊन उभी केली तरी तो तिला आत घेत नाही.

चिऊला ही कल्पना सुचली कुठून, याचा तपास आधी झाला. संशयित दोन निघाले आणि दोन्ही २०१६ सालचे. एक ‘डिअर जिंदगी’. त्यात शाहरुख खान गोव्यात समुद्रकिनारी हिंडत हिंडत आलिया भटला बोलतं करतो. दुसरा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’, ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. तिथेही नैराश्यातला मुलगा सावरतो तो कोकणच्या किनाऱ्यावर. म्हणजे एकाच वर्षी हिंदी आणि मराठी सिनेमानं परस्परांना न विचारता ठरवून टाकलं की मन बरं व्हायचं तर समुद्र पाहिजे. ठाण्याला समुद्र नाही, खाडी आहे. तिच्या काठावर कुणाला घेऊन पाऊण तास हिंडलात तर तो आपलं दुःख विसरेल हे खरं, पण त्याचं कारण मानसशास्त्रीय नसेल.

मग प्लॅनिंग सुरू झालं. आमचे दादा, म्हणजे चिऊचे बाबा, पीडब्ल्यूडीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. आयुष्याचं कुठलंही काम ते प्लॅनपासून सुरू करतात. त्यांनी कोरा कागद घेतला, फूटपट्टी घेतली, डावीकडे एक चौकोन काढून त्यात ‘बी.ए.’ लिहिलं, उजवीकडे दुसरा काढून ‘नोकरी’ लिहिलं आणि मधे एक सुबक बाण काढला. प्लॅन मंजुरीसाठी चिऊपुढे सरकवला.

“बाबा, मधे थोडं राहिलंय,” चिऊ म्हणाली.

थोडं म्हणजे असं होतं. बी.ए. झाल्यावर माणूस मानसशास्त्राचा पदवीधर होतो, मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी एम.ए. हवं. रुग्णांवर उपचार करणारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी हवी, आणि त्यासाठी आजवर एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. करावं लागे. पण नव्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोघांना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. दुसरीकडून आरसीआयनं चार वर्षांची क्लिनिकल सायकॉलॉजीची बी.एस्सी. ऑनर्स आणली. औषध लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ ते वेगळेच, त्यांचा रस्ता एमबीबीएस आणि मग एम.डी. असा. चिऊ सांगत गेली तसे दादा चौकोन काढत गेले. एक चौकोन खोडला, त्याच्या पोटातून दोन फाटे निघाले. शेवटी कागद संपला, तेव्हा त्यांनी दुसरा आणून सेलोटेपनं जोडला आणि ‘नोकरी’चा चौकोन त्या दुसऱ्या कागदाच्या अगदी कडेला नेऊन ठेवला.

“आणि हे सगळं न करता ज्यांच्या दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी असते ते?” वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

प्रश्न वर्मी लागणारा होता. वीकेंडचा कोर्स करून सोमवारी ‘लाइफ कोच’ झालेले लोक आमच्या सोसायटीतच दोन आहेत. त्यातल्या एकाचा आधी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा धंदा होता. माणसं बदलली नाहीत, फिल्टर बदलला, एवढंच.

प्लॅनच्या पहिल्याच चौकोनात, म्हणजे बी.ए.त, काय काय भरलंय ते बघायला दादांनी अभ्यासक्रमाची प्रिंट काढून आणली. पूर्वी एफवाय, एसवाय, टीवाय अशा तीन पायऱ्या असत आणि आर्ट्सला गेलेला मुलगा त्या चढून खाली उतरत असे. आता मेजर आहे, मायनर आहे, शिवाय ओई, एसईसी, व्हीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी, एफपी. ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरखाली उभं राहावं तसे आम्ही सगळे त्या कागदापुढे माना वर करून उभे होतो. आई, म्हणजे चिऊची आजी, चष्मा पुसून म्हणाली, “यातली स्लो कुठली?”

स्लो अशी नव्हती, पण मधेच उतरायची सोय होती. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास. हे वाक्य दादांच्या हाती पडायला नको होतं. त्यांनी लगेच कागदाच्या कडेला गुणाकार मांडला. “एकशेबत्तीस गुणिले पंधरा, एक हजार नऊशे ऐंशी तास. दिवसाचे आठ धरले तर दोनशे अठ्ठेचाळीस दिवस. हे काम आठ-नऊ महिन्यांत आटपतंय. तीन वर्षं कशाला?”

“प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला तीस तास धरतात, बाबा.”

“मग एक्स्टेन्शन घ्यावं लागेल,” दादा म्हणाले. सरकारी कामाला मुदतवाढ मागताना माणसाच्या चेहऱ्यावर जी शांती येते ती त्यांच्या चेहऱ्यावर आली.

खरा हादरा त्याच प्रिंटच्या आतल्या पानावर होता. चिऊनं दहावीनंतर आर्ट्स घेतलं ते गणितापासून लांब पळायला, हे उघड गुपित होतं. आणि इथे मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-टेस्ट अशी सगळी मंडळी दबा धरून बसलेली. त्यांच्यामागे न्यूरॉन, सिनॅप्स, हायपोथॅलॅमस, म्हणजे दहावीला टाटा केलेलं जीवशास्त्र. दादांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “गणितही आहे, बायोही आहे. मग सायन्सनं काय घोडं मारलं होतं?”

चिऊला उत्तर देता आलं नाही, पण दोष तिचा नाही, विल्हेल्म वुंट यांचा आहे. हे गृहस्थ शिक्षणानं डॉक्टर. त्यांनी १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि मनाचा हिशोब सेकंदाच्या तुकड्यांत मोजायला सुरुवात केली. तोवर मन तत्त्वज्ञांच्या ताब्यात होतं आणि तिथे आकडेमोड लागत नसे. आपल्याकडेही ही लागण लवकर झाली. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. तेव्हापासून भारतातली मुलं ‘माणसांना समजून घ्यायचंय’ असं म्हणत या विषयाला येतात आणि पहिल्या सहामाहीत माणसांची सरासरी काढत बसतात.

मामानं मधला मार्ग सुचवला. चिऊनं कॉलेजात बी.कॉम. करावं, आणि हौसच असेल तर मानसशास्त्राची पदवी पोस्टानं, म्हणजे मुक्त विद्यापीठातून घ्यावी. बँकेची नोकरीही होईल आणि काउंटरवर आलेल्या माणसाचं मनही कळेल. योजना वाईट नव्हती, पण ती बाद होऊन बसली होती. आरोग्याशी संबंधित विषय म्हणून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायचं नाही, असं यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या प्रवेशांपासून ठरवलं. मामाला हे पटलं नाही. “मनाचा विषय आणि घरी बसून करता येत नाही?” तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. मनाचे बहुतेक विषय लोक घरी बसूनच करतात.

आणि मग माणसं यायला लागली. चिऊला सल्ला द्यायला म्हणून येत. ‘स्कोप नाही’ हे पहिलं वाक्य उभ्यानं म्हणत, दुसरं वाक्य टेकून, आणि चहा येईपर्यंत विषय त्यांच्या सासूवर गेलेला असे. चिऊच्या आत्यानं ‘या क्षेत्रात फार वेळ लोकांचं रडगाणं ऐकावं लागतं’ हा धोका पटवून देताना सव्वा तास घेतला आणि त्यातला तासभर स्वतःच्या जावेचा होता. चिऊनं फक्त ‘मग?’ आणि ‘तुला काय वाटलं तेव्हा?’ एवढंच म्हटलं. आत्या जाताना म्हणाली, “पोर हुशार आहे हो. किती छान बोलते.”

समोरच्या ब्लॉकमधले काका मात्र तत्त्वाचे पक्के. “डिप्रेशन-बिप्रेशन सगळं मोबाइलनं आणलंय,” त्यांनी ठणकावून सांगितलं. “आमच्या वेळी होतं का हे? आम्ही आठ भावंडं दोन खोल्यांत वाढलो. मन खायला उठायचं तर त्याला आधी बसायला जागा लागायची.” दोन दिवसांनी लिफ्टमध्ये चिऊ आणि ते दोघंच होते. दुसऱ्या मजल्यापर्यंत ते काही बोलले नाहीत. तिसऱ्याला म्हणाले, “काय गं, रात्री तीनला जाग येते. मग छताकडे बघत पडायचं. रोजच झालंय. तुमच्यात त्याला काय करतात?”

“काका, माझा अजून बारावीचा निकाल लागायचाय.”

“ते ठीक आहे. पण काय करतात?”

चिऊनं त्यांना फॅमिली डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिला. तिथे दिवसरात्र कधीही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. काकांनी तो पाचव्या मजल्यापर्यंत सेव्ह केला. नाव टाकलं ‘गॅस एजन्सी नवीन’. काकू त्यांचा मोबाइल बघतात.

सल्लागारांपैकी कामाची निघाली ती एकच. सोसायटीतली टीवायला मानसशास्त्र घेतलेली मुलगी. चिऊ तिच्याकडे माहिती विचारायला गेली आणि ताईच माहिती गोळा करायला आमच्याकडे आली. या विषयाच्या विद्यार्थ्यांना सतत माणसं लागतात. प्रयोग करायचे तर प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, हवा, आणि कॉलेजातले सगळे एकमेकांवर वापरून झालेले असतात. एका घरात पाच प्रौढ माणसं रिकामी बसलेली बघून तिच्या डोळ्यांत जे चमकलं त्याला विज्ञाननिष्ठा म्हणत असावेत.

तिनं आरसा-रेखनाचं उपकरण काढलं. साधी पाटी, तिच्यावर दुहेरी रेषांत काढलेला सहा टोकांचा तारा, हात झाकणारा आडवा पत्रा आणि समोर उभा आरसा. हाताकडे बघायचं नाही, आरशात बघत दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. रेषेला पेन्सिल लागली की चूक. दादा हसलेच. ज्यानं उभा जन्म रेषा मारल्या, जिल्ह्यातले पूल ज्याच्या पेन्सिलीतून उतरले, त्याला तारा काढायला सांगत होती ही पोरगी. त्यांनी बाह्या सरसावल्या, ताईनं स्टॉपवॉच दाबलं.

पहिली रेघ ठीक गेली. पहिल्या टोकाला वळायचं होतं उजवीकडे आणि पेन्सिल निघाली डावीकडे. दादांनी तिला ओढलं तर ती आणखी डावीकडे गेली. मग ती तिथल्या तिथे थरथरत उभी राहिली, काळ्या म्हशीसारखी हलेना. दादांच्या कपाळावर घाम. “आधी वर… नाही, खाली… अरे खाली म्हणजे वर!” ताई गंभीर चेहऱ्यानं चुका मोजत होती. बाराव्या चुकेला आईनं देवाचं नाव घेतलं. तारा पुरा झाला तेव्हा त्याचा आकार महाराष्ट्राच्या नकाशाकडे झुकला होता.

प्रयोगानंतर प्रयुक्ताला काय वाटलं ते जर्नलमध्ये लिहून घ्यायचं असतं. “काका, तुमचं निवेदन?”

दादांनी पेन्सिलीचं टोक तपासलं, पत्रा तपासला. “लिही,” ते म्हणाले, “आरसा सदोष आहे.”

ताई पुढच्या वेळी आली ती छापील प्रश्नावली घेऊन. तुम्हाला गर्दी आवडते का, स्वप्नं पडतात का, रंग कोणता आवडतो, असं काहीबाही. आम्ही ती मनापासून भरली, मामानं तर फोन करून दोन उत्तरं बदलून घेतली. रविवारी तिनं प्रत्येकाच्या नावाची घडी घातलेली चिठ्ठी आणली. हे तुमचं व्यक्तिमत्त्व, वाचा आणि किती जुळतंय त्याला पाचपैकी गुण द्या, एकमेकांना दाखवू नका. मामा या कार्यक्रमासाठी दादरहून खास आला होता.

खोलीत शांतता पसरली. माझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं की तुम्ही इतरांसाठी बरंच करता पण त्याची जाणीव ठेवली जात नाही, वरून कोरडं वाटलं तरी आतून मन हळवं आहे, तुमच्या कुवतीच्या मानानं तुमच्या पदरात कमी पडलं आणि एका जवळच्या माणसानं तुमच्या विश्वासाचा गैरफायदा घेतला आहे. मी किती गुण दिले हा इथे मुद्दा नाही. आईनं डोळे टिपत पाच दिले. मामानं पाच दिले आणि दादांकडे असं बघितलं की वीस वर्षांपूर्वीच्या प्लॉटच्या व्यवहाराची फाइल पुन्हा उघडते की काय वाटलं. दादांनी चार दिले, पूर्ण गुण देण्याची त्यांच्या खात्यात पद्धत नाही.

वहिनींनी दोन दिले. “हे कुणालाही लागू पडेल की,” त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी घडी घालून टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सरकवली.

ताई चकित. “काकू, तुम्ही सायकॉलॉजी केलंय?”

“नाही गं. एकत्र कुटुंबात राहिलेय.”

मग ताईनं सगळ्यांना चिठ्ठ्या अदलाबदल करायला लावल्या. पाचही चिठ्ठ्यांतला मजकूर शब्दन्‌शब्द एकच होता. हा खेळ अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकानं १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांवर केला होता, ताईनं सांगितलं. सगळ्यांना एकच वर्णन दिलं आणि त्या पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णनातली वाक्यं त्यानं घेतली होती ती स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून.

ही माहिती ऐकून घरात आत्मपरीक्षण वगैरे होईल अशी ताईची अपेक्षा असावी. आई म्हणाली, “म्हणजे आमचे गुरुजी खरे ठरले की! त्यांनी चिऊच्या पत्रिकेवरून हेच सांगितलं होतं.” मामाचं म्हणणं पडलं की मजकूर एकच असला तर काय झालं, एका नात्यातली माणसं, एकसारखीच असायची. आणि दादांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून, पुन्हा एकदा वाचून, विचारपूर्वक निकाल दिला, “शब्द तेच आहेत. पण मला जास्त लागू पडतात.”

ताईनं तेही लिहून घेतलं.

त्यानंतर घरातला विरोध मावळला. पटलं म्हणून नव्हे. घरात एक ऐकणारं माणूस तयार होतंय आणि तेही फीशिवाय, हा व्यवहार सगळ्यांच्या लक्षात आला. आईनं आपली वेळ संध्याकाळची सांगून ठेवली. दादांनी प्लॅनवर ‘मंजूर’ लिहून खाली लफ्फेदार सही केली. मायनर कुठला घ्यायचा यावर थोडी चकमक झाली, मामा अर्थशास्त्रावर अडला, चिऊ समाजशास्त्रावर, पण ती काही लांबली नाही. चिऊनं कॉलेजांची यादी केली. पहिल्या नंबराला घराजवळचं, चालत दहा मिनिटांवरचं. लोकलची धक्काबुक्की नाही, दुपारी जेवायला घरी.

या सगळ्या गदारोळात अभ्यासक्रमाची ती प्रिंट कुठे गेली ते कुणी बघितलं नव्हतं. ती वहिनींकडे होती. भाजी निवडताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचून काढली होती. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. ताईकडून एफवायचं पुस्तक मागून आणून त्याला ब्राउन पेपरचं कव्हरही घातलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी चिऊला विचारलं, “काय गं, प्रवेशाला वयाची अट असते का?”

“कोणाच्या?”

“माझं बी.ए. लग्नामुळे राहिलंच ना. मी म्हटलं घरबसल्या करावं, तर ते यूजीसीनं आता बंद केलंय म्हणे. मग रोज कॉलेजातच जायला लागणार. आपल्या या जवळच्या कॉलेजात आपण दोघी बरोबरच जाऊ. एकच डबा करायचा, नोट्सही एकच काढायच्या. आणि प्रयोगाला तुला प्रयुक्त शोधायला नको, मला नको.”

दादा म्हणाले कल्पना चांगली आहे, पुस्तकांचा खर्च निम्म्यावर येईल. चिऊ काही बोलली नाही. आपल्या खोलीत जाऊन तिनं यादी काढली, पहिल्या नंबरावरचं कॉलेज खोडलं आणि त्या जागी चर्चगेटचं लिहिलं. दादरला उतरून गाडी बदलावी लागते, सकाळी सातचं लेक्चर असलं तर पाचला उठावं लागेल, हे तिला माहीत होतं. वहिनींनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, “चालेल की. दोघींचा पास काढू.”